दोरा आटतो, वासरू नाही

सुदाम राठोड गेल्याचं मला कळलं ते आमच्या साहेबांच्या मेसेजवरून. वारंगा फाट्यावर बसची वाट पाहत होतो. ‘मेहनती कर्मचारी हरपला’, आणि खाली जोडलेले हात. ज्यानं त्याला जिवंतपणीच पुसून टाकलं, त्यानंच… महिना झाला. राग उतरलेला नाही. मी उतरू दिलेला नाही.

पशुधनाच्या पदविकेला आम्ही एका बाकावर होतो. पुढं मी साहेबांच्या संशोधन केंद्रात सहायक झालो, तो कुरुंद्याकडच्या तांड्यांवर जनावरांना लशी टोचत फिरत राहिला. गणिताचं वेड मात्र त्याला. वासरू किती खाईल आणि किती वाढेल हे पुस्तकातलं समीकरण सांगतं, पण बारमाही चारा धरून. आपली लाल कंधारी वासरं उन्हाळ्यात थांबतात आणि नंतर झपाट्यानं भरून काढतात, हे त्याला समीकरणात बसवायचं होतं. त्यासाठी दर महिन्याला छातीचा घेर हवा, आणि तांड्यावर कुणी टेप लावू देईना. मापलेलं जनावर वाढत नाही म्हणतात. मग यानं काळा सुती दोरा घेतला. छातीभोवती फिरवायचा, तोडायचा, खिशात घालायचा आणि घरी जाऊन मोजायचा. लोकांना वाटे, हा दृष्ट बांधून नेतो. एक म्हातारी त्याला म्हणाली होती, “डाक्टर, आमच्या म्हाताऱ्याचीबी न्या की. दिसंदिस वाळून राहिला.”

तीन वर्षांची वही त्यानं मोठ्या विश्वासानं माझ्याकडं वाचायला दिली. साहेबांनी मागितली आणि मी त्यांना दिली. माझी वसमतची बदली त्यांच्या सहीवर अडली होती… वर्षभरात शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव साहेबांचं, दुसरं माझं. सुदामचं कुठंच नाही. निष्कर्ष असा, की पावसाळ्यात हिरवा चारा असूनही वासरांचा घेर घटतो, कारण ओल्या हवेत शरीराची ऊर्जा ऊब राखण्यात जाते. साहेबांनी त्यावर शाली घेतल्या. सुदामनं तो वाचला आणि हसला.

“वासरू न्हाई आटलं रे, दोरा आटला.”

पावसात भिजलेला दोरा घरी वाळला की बोटभर आखूड होई. हे त्याच्या ध्यानात आलं होतं, पुढच्या वहीत त्यानं सगळं दुरुस्तही केलं होतं. पण पहिली वही तोवर गेलेली होती.

निबंधात लिहिलं आहे, मोजमाप पोलादी टेपनं केलं. साहेब, पोलादी टेप पावसात आटत नाही. ही चूक फक्त दोऱ्यानं मोजणाऱ्याच्या हातून होते, आणि तसा माणूस आपल्याकडं एकच होता. तुम्ही त्याचं काम चोरलंत, सोबत चूकही उचललीत. आता तीच तुम्हाला धरून देईल.

परवा तांड्यावर गेलो. सुदामच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, त्यानं दुरुस्त केलेली वही पुढं ठेवली. साहेबांना सोडणार नाही म्हणालो, तक्रारीचा मसुदा वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“ह्याच्यात तुमी कुठं हाव, भाऊ?”

मी मसुद्याची घडी घातली.

“त्यांना म्हाईत होतं, वही तुमच्या हातनं गेली म्हून. म्हनायचे, एक दिवस तो आपल्या तोंडानं सांगल.”

तो बारा वर्षं वाट पाहत राहिला, आणि मी दर दिवाळीला त्याच्या घरी फराळ करत राहिलो.

घरी येऊन मसुदा फाडला आणि नवा लिहिला. काल पोस्टात टाकला, निबंधातल्या आणि दुरुस्त वहीतल्या आकड्यांसकट. दोषी म्हणून पहिलं नाव माझं आहे, साहेब. तुमचं त्याखाली. आता पळायला आपल्या दोघांनाही जागा नाही.