आठही दारांचे पिसवाले

दुखत नाही असं कुणी म्हटलं, की पिसवाल्यांचा चेहरा उतरायचा. ताप, खोकला, कंबर यांची गाऱ्हाणी ते अर्धी ऐकत आणि सरकारी दवाखान्याचा रस्ता दाखवत. "दुखतंय त्याला डॉक्टर आहे. दुखत नाही त्याच्यासाठी मी," असं म्हणत. खिशात पेनाशेजारी कोंबडीचं एक पीस असे. महारोगाच्या तपासणीसाठी नेमलेले ते सरकारी कर्मचारी. मनोरपासून सातपाटीपर्यंतची गावं त्यांच्याकडे. अंगावर फिका चट्टा दिसला की माणसाला डोळे मिटायला सांगायचं, चट्ट्यावर पीस लावायचं. लागल्याचं कळलं नाही, तर चट्टा बधिर. त्यांचं खरं नाव बोईसरात कुणी वापरलं नाही, मीही वापरत नाही.

साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं. आम्ही साताऱ्याकडचे; आमचे हे एका ठेकेदाराकडे फिटर होते. बोईसरला आठ खोल्यांच्या चाळीत आमची खोली दुसऱ्या नंबरची.

पिसवाल्यांची अडचण होती ती पुरुषांची. बायकांना नर्सबाई तपासत आणि बायका मुकाट्याने उभ्या राहत. पुरुष मात्र "मला काय झालंय?" म्हणून सायकलीवर टांग टाकत. सदरा काढायचा म्हटलं की प्रत्येकाला ड्यूटीची घाई. पिसवाल्यांनी मग रविवार धरला. रविवारी सकाळी चाळीच्या विहिरीवर पुरुष आंघोळीला जमत, तेव्हा सदरे आधीच उतरलेले असत. पिसवाले दगडावर बसून पावसापाण्याच्या गप्पा मारत आणि एकेक पाठ बघून घेत.

त्या रविवारी आमच्या ह्यांनी आंघोळ घरातच करायची ठरवली. कारण मला माहीत होतं. महिन्यापूर्वी ह्यांची पाठ घासताना मला खांद्याखाली रुपयाएवढा फिका डाग दिसला होता. मी त्यावर नख रुतवलं. हे भाकरीबद्दल काहीतरी बोलत होते ते बोलतच राहिले. तेव्हापासून माझी झोप उडाली होती. ठेकेदाराने एका गवंड्याचं नाव अशाच डागावरून हजेरीच्या मस्टरमधून कापलं, असं साइटवर बोललं जाई. खरं की खोटं कोण विचारणार? विचारणाऱ्याकडेच लोक बघायचे.

मी बादली आत येऊच दिली नाही. "विहिरीवर जा," म्हटलं. गेले. पिसवाल्यांनी चारचौघांसारखं ह्यांनाही बसवलं, डोळे मिटायला लावले. हे "लागलं, लागलं" म्हणत गेले. "छान," म्हणून पिसवाले पुढच्या माणसाकडे वळले. हे परीक्षा पास झाल्यासारखे घरी आले. मलाही क्षणभर बरं वाटलं.

मंगळवारी हे कामावर असताना पिसवाले दारात आले. पायरीवर बसले, पाणी मागितलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, शेवटी तीन वेळा मी पीस लावलंच नाही. तरी ते लागलं म्हणाले."

मी तांब्या खाली ठेवला. नोकरी जाईल का, एवढंच विचारलं.

"चट्ट्याने जाणार नाही. बोटं गेली तर जाईल. फिटर पाना कशाने धरणार?" त्यांनी पांढऱ्या गोळ्यांची पुडी काढली. औषध कितीतरी वर्षं घ्यावं लागेल, खंड पडता कामा नये, आणि ह्यांना तुम्हीच सांगा, हे सगळं त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मला ते आवडलं. हळहळ करणारा माणूस आला असता तर मी रडले असते आणि चाळीला कळलं असतं.

ह्यांनी दोन दिवस पुडीला हात लावला नाही. "मला काय बी झालेलं न्हाई," हे एकच पालुपद. मी पान्याचं बोलणं जसंच्या तसं ऐकवलं. तिसऱ्या दिवशी गोळी ताटात भाकरीशेजारी ठेवली आणि गिळेपर्यंत समोर बसले. पुढे रोज बसले.

भीती होती ती सातव्या खोलीतल्या हिराबाईची. ती सातपाटीची. नवरा होडी सोडून साइटवर मजुरीला लागलेला, ही पाटी घेऊन मासळी विकायची. तिचा आवाज स्टेशनपर्यंत जाई. मला "ए घाटीण" म्हणायची आणि बोंबील निवडताना माझ्या बिचकत्या बोटांवर हसायची. कुणातरी महारोग्याला गावाबाहेर झोपडी बांधून ठेवल्याची हकीकत तिने माझ्यासमोर दोनदा सांगितली होती. हिला कळलं की संपलं, असं मी धरून चालले होते.

पण पिसवाल्यांची रीतच वेगळी होती. महिन्यातून एकदा ते येत आणि पहिल्या दारापासून आठव्यापर्यंत प्रत्येक पायरीवर बसत. प्रत्येक घरी पाणी पीत, प्रत्येक घरी सारखाच वेळ, आणि प्रत्येक घरी एक पुडी. बाकीच्यांना पोटाची साधी सोडामिंट असे. पुरुषांनी तिला ताकदीची गोळी ठरवून टाकलं. पाचव्या खोलीतल्या लोहाराची तर कंबर तिने बरी झाली. मी एकदा म्हटलं, एवढं पाणी कशाला पिता? "एकाच घरचं प्यायलो तर त्या घराचं नाव होईल," ते म्हणाले. संध्याकाळच्या गाडीने पालघरला परतताना त्यांचं पोट नक्की डचमळत असणार.

अशी दोन वर्षं गेली. चट्टा पसरला नाही, बोटं शाबूत होती. माझी धास्ती मात्र तसूभर कमी झाली नाही. मग पिसवाल्यांची जव्हारकडे बदली झाली. शेवटच्या फेरीलाही ते आठही पायऱ्यांवर बसले. माझ्याकडे एवढंच म्हणाले, "खंड पाडू नका." मीही बरं म्हटलं. निरोप म्हणावा असं काही झालं नाही.

पुढच्या महिन्यात नवा माणूस आला. चष्मेवाला, घाईतला, हातात यादी. सायकल टेकवून तो सरळ माझ्या दारात आला, पुडी दिली, आणि मधली चार दारं ओलांडून हिराबाईच्या दारात गेला. तिथे दुसरी पुडी. संपलं काम.

ओटीवर बायका तांदूळ निवडत होत्या. सगळ्यांचे हात थांबले. हिराबाई पुडी मुठीत धरून माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. ती आली, पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. "तुज्याकडं पन हाय? आनि मी दोन वरसं तुलाच भीत होते."

दोन वर्षं तो माणूस आम्हा दोघींच्या मधून चालत होता आणि त्याने एकीला दुसरीचा सुगावा लागू दिला नव्हता.

तेवढ्यात पहिल्या खोलीतल्या काकूंनी विचारलं, "आमची पुडी कुठाय? ह्या दोघींनाच का?"

नवा माणूस सायकल वळवत होता. मी जाऊन हँडल धरलं. "भाऊ, पहिल्या दारापासून सुरुवात करायची असते."

"यादीत दोनच नावं आहेत, बाई."

"चाळीत दारं आठ हायत," हिराबाई म्हणाली. आवाज परत स्टेशनपर्यंत गेला. "आदल्या भाऊंनी तुला सांगलं नाय? सगल्यांना द्यायचं ऱ्हातं."

गोळ्या तेवढ्या नाहीत, असं तो पुटपुटला. मी म्हटलं, नसल्या तर पाठी बघा, गोळ्या पुढच्या खेपेला आणा. त्याने आमच्या दोघींच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला काय ते उमगलं असावं. यादी घडी घालून खिशात गेली.

तो काकूंच्या पायरीवर बसला. मी आतून तांब्या आणला. काकूंचे म्हातारे सासरे कुरकुरत सदऱ्याची बटणं सोडू लागले. हिराबाई आणि मी आठव्या दारापर्यंत त्याच्यामागे उभ्या होतो, आणि एकाही पायरीवरून त्याला लवकर उठू दिलं नाही.