दोरीचं दुसरं टोक

सुनंदा मॅडमनी दोरीचं दुसरं टोक धरलं, म्हणून माझं काम टिकलं. त्या कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉलच्या कोच, आणि मी सातवीत शाळा सोडून गावापासून इतक्या लांब आलेली, मैदान आखणारी. सामन्याच्या सकाळी मी दोरी न लावता नुसती पावलं मोजून चुन्याची फक्की टाकली आणि गोलपुढची चौकट तिरकी झाली. पंच यायची वेळ झालेली. मला रडूच फुटलं.

मॅडम हसल्या. "अगं, मीपण इथे फक्की टाकायलाच लागले होते. मग गोलात उभी राहिले, मग कुठे शिट्टी हातात आली. रडतेस काय, धर दोरी!"

मोठं झालेलं माणूस हात मळवत नाही, असं मला वाटायचं. पंच यायच्या आत चौकट सरळ झाली, तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते.

मॅडम, आता तुम्ही निवृत्त होताय. तुमच्या निरोपाच्या सामन्याला सगळं मैदान मी एकटी आखीन. तुम्ही खुर्चीत बसून फक्त बघायचं.