दाराबाहेरचा सभासद

मारेगावच्या आमच्या पक्षकचेरीत तांड्याचा कारभारी दर बैठकीला सगळ्यांच्या आधी यायचा. खांद्यावरचं गोणपाट उंबऱ्याबाहेर अंथरायचा आणि त्यावर मांडी घालून बसायचा. बोलण्याआधी दोनदा खाकरायचा. पक्ष सुधारा, सगळ्या जातीजमातींची माणसं कमिटीत घ्या, असा वरून हुकूम आला तेव्हा त्याचं नाव मीच घातलं होतं. चिटणीस होतो ना. तो बाहेर का बसतो, हे मात्र कधी विचारलं नाही. त्याला वारा आवडत असेल, असं मी ठरवून टाकलं होतं.

एकदा मी निषेधाचा ठराव मांडला. आफ्रिकेतल्या कुण्या गोऱ्या पुढाऱ्याने काळ्या लोकांसाठी स्टेशनावर वेगळे बाक ठेवले होते. सतरंजीवर उभा राहून मी अर्धा तास गरजलो. माझेच डोळे भरून आले.

उंबऱ्याबाहेर कारभारी दोनदा खाकरला. "भाऊ, त्यायले बसाले बाक देते का तो?"

"देतो, पण वेगळा."

"बाक हाय म्हना," असं म्हणून त्याने हात वर केला. ठराव एकमताने मंजूर झाला.

सहीसाठी वही मी स्वतः बाहेर त्याच्याकडे घेऊन गेलो. केवढा मोठेपणा वाटला मला. त्याने सावकाश सही केली, मग गोणपाटावर सरकून माझ्यासाठी अर्धी जागा केली.

"बसा ना, भाऊ."

मी उभाच राहिलो. धोतर परीटघडीचं होतं.