घरवाल्यांची भांडी

मी नंदुरबारला फौजदार असताना आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या आठवड्यात एक प्रकरण माझ्याकडे आले होते. मोठमोठ्या दरोड्यांचे तपास मी पुढे केले, त्यांतले निम्मे आता नीट आठवत नाहीत. हे मात्र जसेच्या तसे आठवते. यातली माणसे भली होती आणि त्यांची मुलेबाळे आजही तिथे नांदत आहेत, म्हणून नावे घेत नाही.

तेव्हा नंदुरबार पश्चिम खानदेशातला एक तालुका होता. आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर. गावच्या शाळेतल्या मास्तरांनी फी माफ करून घेतली, पुस्तके दिली, म्हणून मी कॉलेजपर्यंत पोचलो. घरची बोली अहिराणी. नाशिकचे पोलिसी शिक्षण संपवून नोकरीवर आलो तेव्हा कागद मराठीत लिहायचे आणि माणसांशी अहिराणीत बोलायचे, हे मी पहिल्या दिवसापासून ठरवले होते. त्याचा मला आयुष्यभर फायदा झाला.

गावात एक गल्ली होती. तोंडाला लाकडी दरवाजा, मध्ये विहीर, दोन्ही बाजूंना धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची, घरे. मिरचीचे व्यापारी, शिंपी, दोन मास्तर, काही मुसलमान रंगारी असे सगळे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी. या घरवाल्यांची एक पंचायत होती. तिचे नियम दरवाज्याशेजारच्या फळ्यावर रंगवलेले असत आणि नवा नियम झाला की थाळी वाजवून सांगत. रस्त्यावर मिरची वाळत घालायची नाही, ती आपल्या धाब्यावर घालावी. विहिरीपाशी म्हैस बांधायची नाही. दिवेलागणीनंतर दरवाजा बंद. अशा नियमांमुळे त्या गल्लीतून ठाण्यावर तक्रार क्वचितच येई. मला त्या फळ्याचे कौतुक वाटे.

सगळ्यांत कडक नियम भांड्यांचा होता. लग्नकार्यासाठी गल्लीने वर्गणी करून तांब्याची मोठी पातेली, हंडे, पराती घेतल्या होत्या. दरसाल आखाजीला ती विहिरीपाशी मांडून सर्वांना दाखवायची आणि पुढच्या घराकडे सांभाळायला द्यायची. भांडी फक्त गल्लीतल्या घरवाल्यांसाठी. बाहेर देणाऱ्या घराचे विहिरीचे पाणी बंद आणि त्याच्या कार्याला गल्लीतले कोणी जाणार नाही, असे फळ्यावर लिहिले होते.

त्या साली भांडी एका रंगाऱ्याकडे होती. एके सकाळी पंचायतीचे कारभारी त्याला घेऊन ठाण्यात आले. कारभारी मिरचीचे जुने व्यापारी, करारी गृहस्थ. आखाजी जवळ आली म्हणून भांडी पाहायला ते न सांगता रंगाऱ्याकडे गेले होते. कोठीची खोली उघडली तर आत भांडे नाही. कारभाऱ्यांनीच फिर्याद सांगितली आणि मी ती नोंदवून घेतली.

दुपारी खबर आली. गल्लीतलाच एक शिंपी हळूच येऊन सांगून गेला, की चार दिवसांपूर्वी फटफटताना दरवाज्यापाशी बैलगाडी उभी होती. दरवाज्याचा राखणदार गाडीत काहीतरी जड ठेवत होता आणि वरून गोधड्या टाकत होता. गाडी नवापूरच्या वाटेने गेली.

राखणदार नवापूरकडच्या डोंगरातला कोकणी आदिवासी. तरुणपणी मजुरीला आला आणि दरवाज्याला टेकून बांधलेल्या झोपडीत राहिला. त्याची बायको पोरांना घेऊन डोंगरातली शेती बघे. गल्लीतली निम्मी पोरे त्याच्या खांद्यावर बसून मोठी झाली होती. आम्ही त्याला धरला, झोपडीची झडती घेतली. चूल, दोन मडकी आणि एक घोंगडी, यापलीकडे काही मिळाले नाही. त्याला गल्लीतून आणताना रंगाऱ्याची बायको आपल्या दाराशी उभी होती. तिला गल्लीत सगळे चाची म्हणत. तिच्याकडे पाहून राखणदाराने मान किंचित हलवली, नाही म्हणावे तशी. मी ते पाहिले, पण तेव्हा अर्थ लागला नाही.

ठाण्यात त्याने गाडीत सामान ठेवल्याचे लगेच कबूल केले. कुठले सामान आणि कुठे गेले, यावर मात्र तोंड उघडेना. मामलेदारांपुढे उभे करून कोठडी घेतली. आमचे जमादार घाटावरचे, अनुभवी पण हाताचे जरा सैल. ते म्हणाले, "साहेब, दरवाज्याची किल्ली त्याच्याकडं, गाडी त्यानं भरली. आता निस्तं इचारून काय व्हनार? मला अर्धा तास द्या."

मी दिला नाही. माराने माणूस आपल्याला हवे ते बोलतो, खरे बोलेल याची खात्री नसते, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकलो होतो. मी त्याला चहा पाजला आणि समजावले. चोरी शाबीत झाली तर तुरुंग तर आहेच, पण सुटल्यावरही पाटलापुढे हजेरी लावत बसावे लागेल, पुन्हा कोणी राखणीला ठेवणार नाही. तो सगळे ऐकून घेई आणि एकच विचारी.

"बाजारना दिन लगून सुटसू का, साहेब?"

दुसऱ्या दिवशीही तेच. नवापूरच्या बाजाराचा दिवस तीन दिवसांवर होता. मी कित्येक चोर पाहिले. चोर विचारतो सजा किती होईल, घरच्यांना त्रास होईल का, कोणी नाव सांगितले. अमुक दिवशी सुटेन का, असे विचारणारा चोर मला भेटला नव्हता. या माणसाला कुठेतरी पोचायचे होते.

मी पुन्हा रंगाऱ्याच्या घरी गेलो. पहिला पंचनामा घाईत झाला होता, म्हणून आता कोठीची खोली निवांत पाहिली. जमिनीवर भांड्यांचे गोल वण होते. कोपऱ्यात रंगाऱ्याची स्वतःची पितळी घागर आणि दोन तांब्याच्या कळश्या तशाच होत्या, घासून लखलखीत. मी रंगाऱ्याला विचारले, भांड्यांबरोबर आणखी काय असायचे. तो म्हणाला, भांडी टेकवायच्या गवताच्या चुंबळी, पुरुषभर उंचीचा लाकडी चाटू, भात उपसायच्या टोपल्या. तेही सगळे गेले होते.

मी तिथेच पाटावर बसलो. हातात येईल अशी घागर चोराने ठेवली आणि मोडीत कवडी न येणारी गवताची चुंबळ नेली. तांबे विकणाऱ्याला चुंबळ कशाला? चुंबळ, चाटू आणि टोपल्या एकाच माणसाला लागतात. ज्याला पंगतीचा स्वयंपाक करायचा आहे, त्याला.

राखणदाराने हलवलेली मान मला आठवली, आणि मी मोठ्याने, आतल्या दाराच्या पडद्याला ऐकू जाईल असे म्हणालो, की ही चोरी नाही, कुठेतरी कार्य आहे. राखणदार काही बोलत नाही. दोन दिवस फक्त विचारतो आहे, बाजारच्या दिवसापर्यंत सुटेन का.

पडदा सारून चाची बाहेर आली आणि नवऱ्याकडे न पाहता माझ्यासमोर उभी राहिली.

"त्यानी पोरनं लगीन शे, साहेब. बाजारना दिनले. भांडा मी दिनात. मन्हा हातवरी काढी दिनात."

रंगारी मान खाली घालून म्हणाला, "तू? आनि माले सांगं नही?"

"तुमी तरी माले कोठे इचारं? कारभारीना मांगे पळत गयात ठाणामा." मग माझ्याकडे वळून तिने सगळे सांगितले. राखणदाराने भांडी मागितली नव्हती. लग्न ठरल्याचे सांगायला आला, तेव्हा हिनेच विचारले, एवढी पंगत कशात शिजवशील. तो हसला आणि म्हणाला, मडक्यांत. "मन्ही मोठीनं लगीन व्हतं तवय दरवाजावर कोन उभा व्हता? पाव्हनास्ना बैल कोनी बांधात? मंग त्यानी पोरले मी मडकास्वर कशी धाडू?"

भांडी राखणदाराच्या भावांबरोबर पुढे गेली होती. गल्ली उघडी टाकायची नाही म्हणून तो स्वतः मागे थांबला. आखाजीच्या आत भांडी परत येणार होती. कारभारी मध्येच आले, आणि आता तिच्या धाकट्या मुलीचा निकाह आखाजीनंतरचा ठरलेला. नियमाप्रमाणे गल्लीतले एकही माणूस त्याला येणार नव्हते. राखणदाराला हे ठाऊक होते, म्हणून जाता जाता त्याने मानेने तिला गप्प राहायला सांगितले. ती गप्प राहिली, पण त्या दिवसापासून तिने धड जेवण केले नव्हते. रंगाऱ्याने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली आणि म्हणाला, "लिखी ल्या साहेब, जे ती सांगी ऱ्हायनी ते."

मी जबाब लिहून घेतला. ज्याच्या ताब्यात वस्तू त्यानेच राजीखुशीने दिली, तर चोरी होत नाही. तेवढ्यावर राखणदाराला सोडवता आले असते. पण मग चाचीचे काय? कारभारी विश्वासघाताची फिर्याद देऊ शकत होते, आणि ती मला घ्यावी लागली असती. मी कारभाऱ्यांना निरोप पाठवला की फळ्यापाशी या, घरवाल्यांनाही बोलवा.

दिवस उतरायला सगळे जमले. मी घडले ते सरळ सांगितले. कुजबुज झाली, मग सगळ्यांचे डोळे कारभाऱ्यांकडे गेले. ते अडून बसले, आणि त्यांच्या अडून बसण्यात लबाडी नव्हती.

"नियम मी एकलानी नही करा, साहेब. बठ्ठास्नी मिळीसन करेल शे. आज चाचीले सोडं, ते उद्या भांडा गावभर फिरतीन."

मी म्हणालो, बरोबर आहे. फिर्याद द्यायची असेल तर भांड्यांच्या सगळ्या मालकांनी सही करावी, मी आत्ता घेतो. सही करायला कोणी पुढे येईना. तेवढ्यात एका ओट्यावरून म्हातारीचा आवाज आला. ती कारभाऱ्यांचीच चुलती होती.

"दरवाजा उघाडाले लागस तवय तो गल्लीना, न भांडा देवाले लागनात ते तो भायेरना? चांगला नियम शे रे भाऊ तुन्हा."

दोघेतिघे हसले. कारभारी हसले नाहीत. फळ्यावरचा मजकूर त्यांना पाठ होता, तरी तो त्यांनी पुन्हा वाचला. मग दरवाज्याला टेकलेल्या झोपडीपाशी गेले, वाकून आत डोकावले आणि बाहेर येऊन धोतराचा सोगा झटकला.

"चूल शे. उंबरा शे. मंग हाई घरच शे ना?" ते सगळ्यांना म्हणाले. "भांडा गल्लीना घरवालानीच नेयात. नियम कोठे मोडना?"

थाळी मागवली गेली आणि झोपडी हे गल्लीतले घर असल्याचे रीतसर पुकारले. कारभाऱ्यांनी आपल्या वखारीतून लाल मिरचीचे एक पोते राखणदाराच्या लग्नघरासाठी काढून दिले. ते नेताना आमचे जमादार वाटभर शिंकत होते.

दुसऱ्या दिवशी मामलेदारांकडून सुटकेचा हुकूम घेतला, आणि मी स्वतः राखणदाराला पोत्यासकट नवापूरच्या गाडीत बसवले. लग्न ठरल्या दिवशी झाले. भांडी आखाजीच्या आत परत आली, चिंच आणि राख लावून अशी घासलेली की गल्लीतल्या बायका ती उन्हात बघत उभ्या राहिल्या. चाचीच्या धाकटीच्या निकाहला सगळी गल्ली होती. मीही जेवून आलो.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली तपासाची. चोरीच्या जागी काय मोलाचे गेले हे सगळेच पाहतात. बिनमोलाचे काय गेले आणि मोलाचे काय राहिले, तेही पाहावे. पुढे अनेक तपासांत ती मला उपयोगी पडली. दुसरी नियमांची. मी जन्मभर कायदा राबवला आणि नियमांवर माझा आजही विश्वास आहे. त्या गल्लीचा फळा चांगलाच होता. पण नियम करायला जे बसतात, त्यांना स्वतःची घरे दिसतात, दाराशी राहणारा दिसत नाही. तो दाखवून दिला की बहुतेक माणसे नियम दुरुस्त करतात, फक्त त्यांना तो आपल्या हाताने करू द्यावा लागतो.

काही वर्षांनी बढती मिळून मी पुन्हा त्या भागात आलो. आखाजी नुकतीच झाली होती. सहज त्या गल्लीकडे वळलो तर राखणदार दरवाज्याबाहेर बाजेवर बसलेला. बायको आता इथेच राहायला आलेली, तिची चूलही बाहेर लिंबाखाली मांडलेली. मी विचारले, संसार रस्त्यावर का काढला.

त्याने उठून रामराम केला आणि झोपडीचे दार लोटून दाखवले. आत पातेली, हंडे, पराती छपरापर्यंत रचल्या होत्या. पाय ठेवायला जागा नव्हती.

"काय करसू, साहेब," तो म्हणाला, "औंदा पाळी मन्ही शे."