ओटीच्या बांगड्या

आमच्या डोंगरकडा गावात हळद काढणीच्या दिवसांत सावलीत बसणारी सून म्हणजे कामचुकार. वैष्णवी सावलीत बसायची. ऊन लागलं की तिचे गाल लाल व्हायचे, बोटांचे सांधे सुजायचे, ताप चढायचा. नांदेडच्या डॉक्टरनं नाव सांगितलं, ल्यूपस; शरीर स्वतःशीच भांडतं म्हणे. मी गावची आशा सेविका, गरोदर बायांची काळजी हेच माझं काम, पण हे नाव मलाही नवंच होतं.

पहिल्या खेपेला दिवस राहिले आणि सासूनं, गोजरबाईंनी, तिच्या गोळ्या बंद केल्या. "पोटातल्या लेकराला गरम पडतेत." मीही मान डोलावली; एवढंच माझं शहाणपण. पाचव्या महिन्यात दुखणं मूत्रपिंडात उतरलं आणि लेकरू गेलं. त्याचा राग अजून येतो, गोजरबाईंपेक्षा माझाच जास्त.

दुखणं निदान सहा महिने शांत राहिलं की मगच पुढचा विचार, असं डॉक्टर म्हणाले. वैष्णवी दीड वर्ष थांबली. गाव कुठलं थांबतंय? ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच, "आता कधी?" पुन्हा दिवस राहिले तेव्हा तिनं एकही गोळी चुकवली नाही. पण अंगात त्राण उरलं नव्हतं. "ताई, मला नुसतं झोपायचंय," एवढंच म्हणायची.

सातव्यात ओटी भरली, हातभर हिरव्या बांगड्या चढवल्या. आठ दिवसांनी मी गेले तर त्या मनगटात रुतलेल्या.

"पोटुशीला सूज येतेच की," गोजरबाई म्हणाल्या.

मी रक्तदाब मोजला. वरचा आकडा एकशे सत्तर. ल्यूपसवाल्या बाईची सूज साधी धरायची नसते, हे एक लेकरू घालवून शिकले होते. "आत्ताच्या आत्ता नांदेडला न्या. अन् आधी बांगड्या काढा, हात काळानिळा पडून राहिला."

नवरा, भागवत, गाडी बघायला धावला. साबण लावला, तेल लावलं, बांगडी हलेना. ओटीच्या बांगड्या बाळंतपणाआधी फोडायच्या? कुणी पुढं होईना. वैष्णवी भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती.

गोजरबाई उठल्या. खलबत्त्यातला बत्ता आणला, सुनेचा हात मांडीवर घेतला, फडकं गुंडाळलं आणि एकेक बांगडी वाढवली.

"मागच्या टायमाला गोळ्या म्या बंद केल्या," त्या म्हणाल्या. "आता अपशकुन व्हायचा तर माह्या माथी होऊ दे."

नांदेडला पोरगी दोन महिने आधीच झाली, दीड किलोलाही कमी. महिनाभर काचेच्या पेटीत राहिली. आणखी एक हरवणार, असं मी मनात धरूनच रोज फोन करायचे.

दोघी घरी आल्या त्या दिवशी ओसरी बायांनी भरली. वैष्णवी बिनबांगड्यांच्या हातांनी लेकरू धरून बसल्या बसल्या पेंगत होती. कुणीतरी विचारलंच, "बांगड्या कवा भरायच्या?"

"आधी गोळी घेऊ दे तिला," गोजरबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. "मग झोपू दे. बांगड्या कुठं पळून जातेत?"