साडू लाइट बघतोय

माझ्या साडूइतका सावकाश माणूस मुलुंडपासून चारकोपपर्यंत दुसरा सापडणार नाही. सापडला तरी मला दाखवायला आणू नका, एक पुरे आहे. आमची ही थोरली, त्याची बायको हिची धाकटी बहीण, असं आमचं नातं. तो मुलुंडला राहणारा, सरकारी कचेरीत हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेला, आधी चष्मा पुसून मग बोलणारा. मी सातवी शिकलेला, चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत प्रेस मशीनवर जन्म काढलेला. त्यामुळे तो मला "अण्णा, तुम्ही" म्हणतो आणि मी त्याला तोंडाला येईल ते म्हणतो. निवृत्त झाल्यावर माणसं आपापल्या गुडघ्यांकडे बघतात, हा कॅमेऱ्यांकडे बघायला लागला. तोही साधा नाही, गळ्यात अडकवायचा, आत आरसा असलेला, लेन्स काढता-घालता येते तो, डीएसएलआर. मी म्हटलं, "अरे, फोनमध्ये आहे ना कॅमेरा?" तर म्हणाला, "अण्णा, फोटो कसा यायचा ते फोन स्वतःच ठरवतो. मला मी ठरवायचंय." सगळी नोकरी साहेबाने ठरवलेलं टाइप करण्यात गेली त्याची.

तर हे ठरवायला त्याला एका गणपतीपासून दुसरा गणपती लागला. घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, जिथे म्हणून कॅमेऱ्याचं दुकान आहे तिथे तो गेला, आणि बरोबर मला नेलं, कारण मोकळा मीच होतो. दुकानात शिरल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं, "सगळ्यात सुरुवातीचं मॉडेल दाखवा, पण हलकं दाखवू नका." मग कॅमेरा हातात धरून डोळे मिटायचा आणि करंगळी कुठे टेकते ते बघायचा. करंगळी हवेत राहिली तर कॅमेरा नापास. शटर कानाशी नेऊन वाजवायचा, नारळ घेताना हलवून ऐकतात तसं. अंधेरीचा दुकानदार वैतागून म्हणाला, "काका, आता आरशाचा कॅमेरा कोण घेतं? मिररलेस घ्या, जमाना त्याचा आहे." हा शांतपणे म्हणाला, "आरशातून मला समोरचा माणूस दिसतो. तुमच्या त्याच्यात समोरच्या माणसाचा टीव्ही दिसतो." दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "माझ्याकडे नको बघू, मी नुसता सोबत आलोय." शेवटी बोरिवलीला त्याने सगळ्यात साधा कॅमेरा घेतला, त्याच्याबरोबर येते तीच लेन्स घेतली, आणि फुकट मिळणारा स्टँड परत केला. म्हणाला, "फुकट देतायत म्हणजे तो डगमगतो हे त्यांना ठाऊक आहे." तसाच आमच्या घरी आला. ही आपल्या गावच्या बोलीत म्हणाली, "भावोजी, इतक्या दिवसांत पोरगी बघून लगीन उरकला असता."

घेतल्यावर कुणीतरी त्याला सांगितलं की मुंबईच्या हवेत लेन्सला बुरशी धरते. झालं, त्याची झोप उडाली. घट्ट झाकणाचा डबा आणला. बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या येतात ना, त्या जमवायला लागला. बिल्डिंगमध्ये कोणाच्या पायात नवे बूट दिसले की हा थांबवणार, "वा, शोभतात! पुडी टाकली नाहीत ना?" माझी मेहुणी मला सांगायची, "भावोजी, माझ्या लोणच्याला बुरशी आली तर म्हणतात वरचं काढून खाऊ. आणि त्या डब्याला रोज ऊन दाखवतात!" बसने मुलुंडहून आमच्याकडे यायचा तो डबा मांडीवर घेऊन. बाळंतिणीलासुद्धा देत नाहीत एवढी जागा लोक त्याला द्यायचे.

आता फोटो काढायची तऱ्हा ऐका. कॅमेऱ्यावर ऑटो म्हणून एक खूण असते, तिथे चाक फिरवलं की सगळं आपोआप होतं. तिथे हा मरेपर्यंत चाक नेणार नाही. म्हणतो, ऑटोवर फोटो काढणं म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास गिळणं. लेन्सचं भोक किती उघडायचं, किती वेळ उघडं ठेवायचं, आणि आतल्या यंत्राने किती डोळे फाडून बघायचं, हे तिन्ही हा हाताने लावणार. तोवर केकवरच्या मेणबत्त्या केकमध्ये बसतात. पुतण्याच्या साखरपुड्याला मुलाने अंगठी घातली, टाळ्या झाल्या, आणि हा म्हणाला, "काढा आणि परत घाला, जरा सावकाश." परत घातली. "अजून एकदा." मुलीचा बाप म्हणाला, "अहो, लग्नालाही थोडं ठेवा!" आख्ख्या समारंभात याचे फोटो निघणार हाताच्या बोटांवर मोजावेत एवढे. त्यातले मनाजोगे नसतील ते घरी जाऊन एकेक बघून उडवणार. खराब फोटो ठेवणं म्हणजे नासलेलं दूध फ्रिजमध्ये ठेवणं, असं त्याचं मत.

आणि खऱ्या फोटोच्या आधी असायची ट्रायल. जिथे नवरा-नवरी किंवा उत्सवमूर्ती उभी राहणार, तिथे आधी कोणालातरी उभं करून हा लाइट बघणार. पोरं पळून जायची, बायका "आलेच" म्हणून गायब व्हायच्या. उभी राहायची ती आमची ही. तिला फोटोचा भारी कंटाळा. कोणी फोन वर केला की पदर तोंडावर, नाहीतर सरळ आत, "तुम्ही घ्या, मी आलेच." घरातल्या सगळ्या ग्रुप फोटोंत ही मागे, कोणाच्या तरी खांद्यावरून अर्धं कपाळ. पण साडूने हाक मारली, "ताई, जरा उभ्या राहा, लाइट बघतो," की ही तयार. मी एकदा चिडवलं, "काय गं, आता बरी उभी राहतेस?" तर म्हणाली, "ह्यो माझो फोटो थोडोच आसा? लाइटचो आसा." साडू चाकं फिरवत बसायचा, ही तिथूनच कोणाला ताटं मांडायला सांग, मला पंख्याखालून उठव, असं चालवायची. मग तो म्हणायचा, "ताई, झालं, सरका." ही सरकायची आणि ज्यांचा फोटो ते येऊन उभे राहायचे.

गेल्या वर्षी ही गेली. ताप आला, हॉस्पिटलात चालत गेली, घरी चालत आली नाही. हार घालायला फोटो हवा म्हणून सगळ्यांनी आपापले फोन धुंडाळले आणि सगळीकडे पदर आणि कपाळच निघालं. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात ती पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसते. तेराव्याला लोकांनी त्या फोटोला हात जोडले, मी जोडले नाहीत. ती बाई माझ्या ओळखीची नव्हती. मला तिचा एक चेहरा हवा होता, दुसरं काही नको होतं. साडूला बाजूला घेऊन म्हटलं, "तू तिचे एवढे काढलेस. त्यातला एक दे." त्याने चष्मा काढला आणि पुसायला लागला. पुसून झाला तरी पुसतच राहिला. म्हणाला, "अण्णा, ते ट्रायलचे होते. उडवले."

त्यानंतर तो आमच्याकडे येईना. मला वाटलं, हाही गेला. नातं बायकांमुळे होतं, आता कशाला येईल? मग मेहुणीचा फोन आला, "भावोजी, ह्यांचं काय बिनसलंय बघा. नातवाचं बारसं झालं, कॅमेरा डब्यातून काढला नाही. सगळे फोटो लोकांनी फोनवर काढले." मी मुलुंडला गेलो. म्हटलं, "काय मेल्या, संन्यास घेतलास?" तर त्याचं वेगळंच. त्याने कुठेतरी वाचलं होतं की उडवलेला फोटो कॅमेऱ्यातल्या कार्डावरून लगेच जात नाही. त्याच्या जागेवर दुसरा फोटो बसला की मगच जातो. म्हणून याने एकही नवा काढला नव्हता. मी म्हटलं, "अरे, मग दुसरं कार्ड घालायचंस." म्हणाला, "हात म्हातारा झालाय, अण्णा. चुकून हेच घातलं असतं तर?"

असे फोटो परत काढून देणारी एक बाई घाटकोपरला मिळाली, तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. आम्ही दोघं गेलो. कार्ड तिच्या हातात द्यायला याला जड जात होतं. तिने विचारलं, "फॉरमॅट मारलंय का, काका?"

"नाही. एकेक बघून, विचार करून उडवले."

"त्याच्यावर किती काढले नंतर?"

"मॅडम, मी फार काढत नाही."

"नशीब तुमचं," ती म्हणाली. "लोक शंभर-शंभर काढतात, मग काय उरतं!"

आम्ही बाहेर स्टुलावर बसलो. हा मला समजावत होता, "अण्णा, आले तरी चांगले नसणार हां. वाईट होते म्हणून तर उडवले." मी म्हटलं, "मला काय प्रदर्शनात लावायचेत?" त्याचे हात गुडघ्यांवर होते आणि बोटं आपोआप फिरत होती, चाक फिरवल्यासारखी.

बरेचसे मोडके निघाले. एकात नुसते साडीचे काठ, वर राखाडी पट्टा. एकात अर्धा गाल. आणि एक मात्र आख्खा. काळपट आहे, पाठीमागचा मांडव धड दिसत नाही. ही उजवीकडे वळलेली, हात वर, तोंड उघडं.

मी म्हटलं, "ही माझ्यावर ओरडतेय."

साडू म्हणाला, "हो. तुम्ही त्या बाजूला पंख्याखाली बसला होतात."

"काय म्हणत होती रे?"

त्याने खूप आठवून बघितलं. मग म्हणाला, "अण्णा, मी फक्त बघत होतो. ऐकत नव्हतो."

फोटो मोठा करायला टाकताना त्याने विचारलं, थोडा उजळ करू का. मी म्हटलं, हात लावायचा नाही. करपलेली भाकरी पाहुण्याला वाढावी तशा तोंडाने त्याने तो माझ्या हातात दिला. मेहुणी म्हणाली, "भावोजी, असा तोंड उघडलेला फोटो कुणी भिंतीला लावतं का? हार घालायला गेलात तर ताई हारावरच ओरडेल." साडू पुढच्या रविवारी खिळा आणि हातोडी घेऊन चारकोपला आला. मला पंख्याखालच्या माझ्या नेहमीच्या खुर्चीत बसवलं आणि फोटो भिंतीवर धरून वर, खाली, अलीकडे, पलीकडे करत राहिला. तो मागे जाऊन बघायचा, परत यायचा. "अण्णा, मान सरळ. अण्णा, हलू नका." दुपारचं जेवण राहिलं, चहा गार झाला. मी शिव्या घातल्या. तो ऐकत नव्हता. संध्याकाळी त्याने एका जागी पेन्सिलीची खूण केली आणि खिळा ठोकला.

आता मी खुर्चीत बसलो की ती बरोबर माझ्याकडे बघून ओरडते. काय ते ऐकू येत नाही. मी आपला उठून पंखा बंद करतो.