सुपावरचा थर

काल लेकीपुढे मिसळ ठेवली. वर बोटभर लाल तर्री. "काल्ट, आई," ती नेहमीसारखी जर्मनमध्येच कुरकुरली. गार झालीय म्हणे, कारण वाफ दिसत नव्हती. तिने चमचा तोंडाशी नेला, तेवढ्यात मी तिचा हात धरला आणि मला हारुका आठवली.

जर्मनीत रेगेन्सबर्गला शिकत असताना आम्ही दोघी एका घरात राहायचो. ती उत्तर जपानमधल्या आसाहिकावाची. बाहेर बर्फ पडत होता अशा एका रविवारी तिने तिच्या गावचं रामेन केलं. हाडं आणि सुकी मासळी उकळत होती, त्या वासाने स्वयंपाकघर भरून गेलं होतं. वाडग्यातलं सूप मात्र अगदी शांत दिसत होतं. गार झालं असेल म्हणून मी मोठा घोट घेतला आणि जीभ चांगलीच पोळली. हारुका हसत पाणी घेऊन धावली. "आमच्याकडे थंडीच तशी," ती म्हणाली, "म्हणून सुपावर चरबीचा थर सोडतात. वाफ बाहेर पडत नाही, शेवटच्या घोटापर्यंत कढत राहतं."

ती कायमची जपानला निघाली, तेव्हा स्टेशनवर मी हुंदके देत होते. ती नुसती कमरेत वाकली आणि गाडीत चढली. डोळ्यांत टिपूस नाही. दोन वर्षं एका घरात राहून इतकी कोरडी? मी चिडले. तिच्या पत्राला उत्तरसुद्धा दिलं नाही. आता तो पत्ताही हरवलाय.

मी कोल्हापूरची, तर्रीवर वाढलेली. तरी दोन्ही वेळा फसले.